लाइट गेली, रहाट फिरला: एका चार्जिंगला किती कळश्या?

आगरवाट (धागाकर्ता) · रवि., रात्री ९.४०

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गावी आलो. दापोली तालुका, समुद्र हाकेच्या अंतरावर. दुपारभर घामाच्या धारा, चारच्या सुमाराला आभाळ काळंनिळं झालं आणि अर्धा तास असा काही कोसळला की बस. जाता जाता वाकणावरचं उंडीचं झाड तारांवर आडवं करून गेला. लाइट गेली ती चौथ्या दिवशी आली. २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर इथे कित्येक आठवडे अंधार होता, त्यामुळे चार दिवसांचं वाडीत कुणी फारसं मनावर घेत नाही. मी मात्र पुण्याहून आलेला. पहिल्या रात्री पंखा नाही म्हणून तळमळलो, दुसऱ्या सकाळी टाकीचा तळ दिसला तेव्हा खरा घाबरलो.

काकूने शांतपणे माळ्याकडे बोट दाखवलं. "रहाट आहे वर. उतरव आणि आसाला खोबरेल घाल, नाहीतर अख्ख्या वाडीला उठवशील."

तर चार दिवस पाणी शेंदलं. घराला, पडवीला, गोठ्याला, झालंच तर पोफळींच्या रोपांना. दुसऱ्या दिवशी आठवीतली पुतणी मदतीला आली. मदत कसली, काठावर बसून प्रश्न विचारायला. मोबाईल बंद पडल्याने तिच्याकडे वेळच वेळ होता. तिने विचारलं, "काका, ही एक कळशी वर आली म्हणजे मोबाईल किती टक्के चार्ज झाला असता?"

मी इंजिनिअर असून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, हे इथे कबूल करतो.

मग हिशेब केला. दोराला गाठी मारून मोजलं: पाणी वीस फुटांवर, म्हणजे सहा मीटर. कळशीत दहा लिटर, म्हणजे दहा किलो. १० × ९.८ × ६ = ५८८ जूल. सोयीसाठी ६०० धरू. मोबाईलची बॅटरी ५००० एमएएच, ३.८५ व्होल्ट. गुणाकार करून ६,९३० जूल आले. म्हणजे साडेअकरा, फार तर बारा कळश्या!

पोरगी उठली, फ्रॉक खोचला आणि मोजून बारा कळश्या शेंदल्या. तळहात लाल. "एक मोबाईल फुल्ल," म्हणाली आणि आईला सांगायला पळाली.

रोजच्या कामात ऊर्जेचा हिशेब असा समोर आलाय का कुणाच्या? चूल, माठ, होडी, मोदक, काहीही चालेल. लिहा.

---

झावळी · रवि., रात्री ९.५८

फ्रॉक खोचून 😄 वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

चिकित्सक_चिंगूळ · रवि., रात्री १०.२०

लेख छान, पण बारा कळश्यांत मोबाईल चार्ज होत असता तर आमच्या आजीने गावाला वीज पुरवली असती.

५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास. गुणिले ३.८५ म्हणजे १९.२५ वॅट-तास. एका तासात ३६०० सेकंद. १९.२५ × ३६०० = ६९,३००. तुम्ही एक शून्य विहिरीत टाकलंत. उत्तर ११५ कळश्या.

शिवाय कळशीचं स्वतःचं वजन, भिजलेल्या काथ्याच्या दोराचं वजन आणि आसाचं घर्षण धरलेलं नाही. पण ते असो. चार्जरमध्ये वाया जातं तेही असो.

---

आगरवाट · रवि., रात्री १०.३१

अरे देवा. खरंच की.

आता पुतणीला कोणत्या तोंडाने सांगू? तिने शेजारच्या दोन घरांत सांगून ठेवलंय.

दुरुस्त हिशेबाने विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणजे सहा हजार कळश्या. ९ वॅटचा एलईडी दिवा तासभर लावला तर ५४ कळश्या.

---

देशावरची · रवि., रात्री १०.४५

सहा हजार कळश्या! आणि त्याचे आपण चहाच्या एखाद-दुसऱ्या कपाएवढे पैसे देतो. महिन्याला बिल आलं की शिव्याही देतो. आमचं गेल्या महिन्याचं २१० युनिट होतं. म्हणजे साडेबारा लाख कळश्या. आडवीच झाले.

---

पोफळीपार · सोम., सकाळी ६.५०

चिपळूणकर हजर आहे.

या सहा हजार कळश्या शेवटी कोण शेंदतं त्याचं उत्तर आमच्या डोक्यावर आहे. कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला वाहणारं, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवलं आणि सह्याद्रीच्या कड्यावरून पोफळी गावच्या वीजघरात खाली सोडलं. जवळपास पावणेपाचशे मीटरची उडी. आता तुमचाच हिशेब उलटा करा. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ४७५ मीटर खाली आलं की साडेसेहेचाळीस लाख जूल. यंत्रात दहाएक टक्के गेले तरी एका युनिटला साधारण ८६० लिटर पुरतं. म्हणजे तुमच्या फक्त ८६ कळश्या.

सहा हजार कळश्या सहा मीटर वर, नाहीतर ८६ कळश्या पावणेपाचशे मीटर खाली. हिशेब तोच, उंची वेगळी. आणि ते पाणी घाटमाथ्यावर नेऊन ठेवलं कुणी? उन्हाने समुद्राची वाफ केली आणि पावसाळी वाऱ्याने ती वर नेऊन ओतली. तो रहाट फुकट आहे.

काम झालं की तेच पाणी आमच्या वाशिष्ठीला येतं. उन्हाळ्यात इतर नद्या आटतात, आमची वाहती दिसते, त्याचं एक कारण हे.

---

उकड · सोम., सकाळी ८.१५

पोफळीपार, मस्तच!

मी स्वयंपाकघरातून येते. आगरवाट, तुमच्या पुतणीच्या पोटात काय गेलं ते कुणीच विचारलं नाही. एका मध्यम पोळीत १०० किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे ४ लाख २० हजार जूल. स्नायू त्यातला चौथा-पाचवा हिस्साच कामाला लावतात, बाकी अंग तापवण्यात जातं. म्हणून तर शेंदताना घाम येतो. तरी ८४ हजार ते १ लाख ५ हजार जूल काम उरलंच. म्हणजे १४० ते १७५ कळश्या.

थोडक्यात, एक मोबाईल म्हणजे पाऊण पोळी. लेक उपाशी मरणार नाही, काळजी नसावी.

---

चिकित्सक_चिंगूळ · सोम., सकाळी ८.४०

वाकून-उठून स्वतःचं अंग वरखाली होतं तेही धरा. दहा किलोच्या कळशीबरोबर माणूस स्वतःलाही उचलत असतो. एका पोळीत शंभरच्या वर कळश्या जाणार नाहीत.

---

उकड · सोम., सकाळी ८.४४

बरं. तूप लावून देऊ.

---

सुरंगी · सोम., दुपारी १.०५

मी वेंगुर्ल्याकडची. माझा विषय माठ.

लग्न होऊन नगरहून आलेली आमची वहिनी पहिल्या उन्हाळ्यात हट्टाने माठ घेऊन आली. वाळूत बसवला, ओलं फडकं गुंडाळलं, दोन दिवसांनी म्हणते, "फसवलं मेल्याने, माठ पाझरत नाही." पाझरत होता की. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगो, हयसर हवाच वली, माठ थंड होतलो कसो?"

शास्त्रही तेच आहे. माठाच्या अंगावर पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. पण हवा आधीच दमट असेल तर वाफ जाणार कुठे? आमच्याकडे मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर माठ कितीही चांगला असो, २८ च्या खाली उतरणार नाही. नगरला ४० अंश तापमान पण आर्द्रता २० टक्के असेल तर तोच माठ २२-२३ पर्यंत जाऊ शकतो. तिथे ऊन जास्त आणि पाणीही गार!

वहिनीचा माठ आता लिंबाची लोणची मुरवायला आहे.

---

देशावरची · सोम., दुपारी १.३०

अगदी! तुमच्याकडे आले की दिवसातून तीनदा आंघोळ करूनही अंग वाळत नाही. माठाचं काय, माणसाचंही तेच होतं म्हणजे.

---

आगरवाट · सोम., दुपारी २.१०

सुरंगी, हे वाचून हात शिवशिवले. दहा लिटरचा माठ ५ अंशांनी गार करायला किती पाणी उडावं लागतं? १० × ४१८० × ५ = २ लाख ९ हजार जूल. उडणारा एक ग्रॅम पाणी सुमारे २४०० जूल घेऊन जातो. म्हणजे फक्त ८७ ग्रॅम. अर्धी वाटी!

अर्धी वाटी पाणी गुपचूप उडालं आणि साडेतीनशे कळश्यांचं काम करून गेलं. मी तिथे घाम गाळत बसलोय.

---

उकड · सोम., दुपारी ३.००

तीच गोष्ट उलटी म्हणजे मोदक.

वाफ पाणी होते तेव्हा घेतलेली सगळी उष्णता परत देते. एक ग्रॅम वाफ मोदकावर जमली की २२६० जूल सोडते. त्यामुळे मोदकपात्रात तळाला दोन पेले पाणी असलं तरी दहा-बारा मिनिटांत एकवीस मोदक शिजतात, आणि त्यांना कुठे करप लागत नाही. मागच्या गणपतीत झाकण उघडताना वाफेचा फटका बसला, बोटांना फोड. उकळतं पाणी सांडलं असतं तर एवढं झालं नसतं. तोच एक ग्रॅम नुसतं उकळतं पाणी असेल तर कातडीइतकं गार होईपर्यंत २६० च्या आसपास जूल देतो. वाफ आधी २२६० देते आणि मग वर ते २६०.

आणि उकड का काढायची? तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकटा नाही. गार पाण्यात मळलं तर भाकरी तव्यावर जाण्याआधीच चिरते. उकळत्या पाण्यात पीठ घातलं की त्यातला स्टार्च साधारण ६५ ते ८० अंशांदरम्यान फुगतो, चिकट होतो आणि मग पारी वळते. आई म्हणायची, "पिठाला चटका बसला पाहिजे." चटका म्हणजे नेमके हे अंश, हे मला चाळिशीत कळलं. तोवर उकड बिघडली की तांदळाला दोष.

---

बाप्पा_निवांत · सोम., संध्या. ५.२०

म्हणूनच म्हणतो, आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. चुलीवरचा स्वयंपाक, मातीची भांडी, सगळं शास्त्रशुद्ध. गॅस आला आणि सगळं बिघडलं.

---

सुरंगी · सोम., संध्या. ५.४५

बाप्पा, चुलीबद्दल थांबा जरा. मी मोजलंय.

गेल्या दिवाळीत भावाने वजनकाटा आणला होता, तेव्हा गंमत म्हणून लाकडं तोलून चुलीत घातली. दोन लिटर पाणी उकळायला साडेतीनशे ग्रॅम वाळलेलं लाकूड लागलं. दोन लिटर पाण्यात गेली ६ लाख जूल. किलोभर लाकडात दीड कोटी धरले तर जाळली ५२ लाख. म्हणजे शंभरातले अकरा-बारा भाग पाण्यात आणि बाकीचे भिंतीला, हवेला, छपराला आणि आईच्या डोळ्यांना. आईच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होता, पडवीतल्या चुलीपुढे चाळीस वर्षं फुंकणी घेऊन बसली होती. मला चुलीचं कौतुक ऐकवत नाही.

हां, चुलीला जोडलेलं वैल मात्र खरं हुशारीचं. पुढच्या आगीची निसटून जाणारी धग मागे नेऊन डाळ शिजवायची. आणि बंब. मधल्या नळीत आग, भोवती सगळीकडे पाणी, त्यामुळे आगीला पळायला जागा कमी. नारळाची सोडणं, करवंट्या, चुडतं, काय हाताला लागेल ते घाला.

ते ज्यांनी केलं त्यांना शब्द माहीत नसतील, पण लाकडं आणायला रानात कोण जातं ते माहीत होतं.

---

बाप्पा_निवांत · सोम., संध्या. ६.०२

डोळ्यांचं माहीत नव्हतं. मागे घेतो. वैलाचा मुद्दा आवडला.

---

आगरवाट · सोम., रात्री ८.३०

बंबाचा विषय निघाला म्हणून अंघोळीचा हिशेब केला. १५ लिटर पाणी, विहिरीतून आलेलं २७ अंशांचं, ते ४२ ला नेलं. १५ × ४१८० × १५ = ९ लाख ४० हजार जूल. दीड हजारावर कळश्या. म्हणजे ती बादली विहिरीतून वर आणायला दीड कळशी आणि कोमट करायला दीड हजार!

दोन कपांच्या आधणाला, चारशे मिलीलिटर पाणी उकळायला, १ लाख २२ हजार जूल. दोनशे कळश्या. मोबाईलपेक्षा चहा महाग आहे. हे मी काकूला सांगितलं. ती म्हणाली, "मग मोबाईल पी."

---

पोफळीपार · सोम., रात्री ९.१०

😂😂

पण काकूंच्या निमित्ताने गंमत सांगतो. उचलणं स्वस्त आणि तापवणं महाग, हे नेमकं मोजलं ते जेम्स जूलने, १८४० च्या दशकात. वजन खाली सोडायचं, त्याने पाण्यात वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापतं ते बघायचं. त्या हिशेबाने धबधब्याचं पाणी एका अंशाने तापायला ४२७ मीटर उंचीवरून पडावं लागतं. म्हणजे कोयनेचं पाणी यंत्रात न घालता नुसतं पोफळीला आदळलं असतं तर जेमतेम एक अंशाने कोमट झालं असतं. तेवढ्याच एका अंशावर घरंच्या घरं उजळतात.

---

आंबापेटी · मंगळ., सकाळी ७.००

थोडक्यात माझंही. आंब्यांची आढी लावली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेंढ्यात हात घालून बघा, उबदार लागतं. बाहेरून कुणी तापवलेलं नसतं. आंबा तोडल्यावरही श्वास घेतो, साखर जाळतो, ती ऊब. वर इथिलीन वायू सोडतो आणि शेजाऱ्यालाही पिकवतो. थर जास्त चढवले तर मधला माल आधी पिकून बसतो, कडेचा हिरवाच. बाबा रात्री उठून आढीत हात घालायचे, जसं तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा.

---

रापण · मंगळ., सकाळी ११.३०

मालवणकडचा, चार पिढ्या दर्यावर. आता मी बँकेत आहे, पण हिशेबाचा वास आला म्हणून आलो.

आमच्याकडे घड्याळाआधी तिथी. आजे विचारायचे, "आज कितवी तिथ?" षष्ठी म्हटली की लगेच, "साडेचार." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पंधरवडा संपला की परत पहिल्यापासून. उधाण (मोठी भरती) आणि भांगही (लहान भरती) त्यातच: अमावस्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या आसपास काटकोनात येतात तेव्हा भांग.

आता यात ऊर्जा कुठे? होडीत. टनभराची होडी पुळणीवर वर घ्यायची तर वीस माणसं लागतात, खाली ओंडके टाकून. म्हणून भरतीच्या माथ्यावर आणायची आणि धरून ठेवायची. पाणी उतरलं की होडी आपोआप कोरड्यावर टेकते. उचलायचं काम चंद्राने केलेलं असतं.

आणि वारा. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश, म्हणून दुपारी खारा वारा जमिनीकडे. रात्री जमीन लवकर निवते, मग पहाटे मतलई समुद्राकडे. शीडवाले पहाटे मतलईवर बाहेर जात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. जातायेता एक थेंब डिझेल नाही. आज मशीन आहे, वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, पण डिझेलचा आकडा ऐकून मासळी महाग का ते कळतं.

---

चिकित्सक_चिंगूळ · मंगळ., दुपारी १२.१०

अप्रतिम प्रतिसाद. (माझ्याकडून हे क्वचित येतं, साठवून ठेवा.)

पाऊणपटीत मात्र एक बारकी मेख आहे. भरती एका तिथीला सरासरी ४८ मिनिटं पुढे सरकते, कारण पंधरा तिथ्यांत बारा तास पुरे व्हायला हवेत. म्हणजे खरं तर पाऊण नव्हे, चार-पंचमांश. पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटं. दर तिथीला तीन मिनिटांची चूक, पौर्णिमेपर्यंत साचून ४५ मिनिटं. पाऊणपटीने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, यायला हवेत बारा. मग प्रतिपदेला सगळं पुन्हा शून्यावर, चूकही शून्यावर. शिवाय प्रत्येक किनाऱ्याची वेळ थोडी मागेपुढे.

---

रापण · मंगळ., दुपारी १२.२५

बरोबर. पण चार-पंचमांश पहाटे चार वाजता थंडीत तोंडी करून दाखवा. पाऊण सगळ्यांना येते. आणि होडी भरतीच्या अर्धा तास आधीच तयार लागते, उशिरा नाही. चूक त्याच बाजूला आहे.

---

चिकित्सक_चिंगूळ · मंगळ., दुपारी १२.३०

दंडवत.

---

सुरंगी · मंगळ., दुपारी ३.४०

उन्हाची फुकटची मजुरी बघायची तर मिठागरात या. आमचं आजोळ शिरोड्याला, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं. किलोभर मीठ हवं तर सुमारे ३७ लिटर खारं पाणी आटवावं लागतं. आगरवाट, हिशेब तुमचा.

---

आगरवाट · मंगळ., दुपारी ४.०५

३७ × २४ लाख = ८ कोटी ८८ लाख जूल. पंचवीस युनिट. कळश्यांत दीड लाख. तुमच्या आईच्या चुलीवर आटवायचं तर पन्नास किलो लाकूड. आणि आपण मीठ चिमटीने घेतो.

---

बाप्पा_निवांत · मंगळ., संध्या. ६.३०

सूर्याचा विषय निघालाच आहे तर, हेलियम आपल्या विजयदुर्गावरून शोधला गेला ना? १८६८ चं ग्रहण, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर, त्याने बसून ग्रहण बघितलं म्हणतात तो किल्ल्यावरचा साहेबाचा कट्टा?

---

चिकित्सक_चिंगूळ · मंगळ., संध्या. ६.५५

अवांतर आहे, पण सोडवत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने सूर्याचा वर्णपट बघितला तो गुंटूरहून. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. त्याने ग्रहणाशिवाय, २० ऑक्टोबरला तिथूनच ते जमवलं. १८७१ च्या ग्रहणाला तो खरोखर भारतात आला, पण केरळात बेकलला. पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला सापडला १८९५ मध्ये. विजयदुर्गावर ग्रहण बघितलं गेलं असेलही, पण लॉकियरला तिथे बसवू नका.

---

रापण · मंगळ., संध्या. ७.१०

गेला आमचा कट्टा.

---

झावळी · मंगळ., रात्री ९.००

इतका वेळ नुसती वाचत होते. आगरवाट, मुख्य गोष्ट राहिली. पुतणीला सांगितलंत का शून्याचं?

---

आगरवाट · मंगळ., रात्री १०.१५

सांगितलं. आधी पाच मिनिटं बोलली नाही. मग वही घेऊन स्वतः गुणाकार केला, दोनदा, आणि चिकित्सक_चिंगूळ हा कोण माणूस आहे ते विचारलं.

लाइट तोपर्यंत आली होती. पंप चालू, टाकी भरलेली. ती मात्र रोज संध्याकाळी शाळेच्या मैत्रिणीला घेऊन विहिरीवर जाते आणि पोफळींना पाणी घालते. काठावरच्या चिऱ्यावर कोळशाने पाच-पाचच्या रेघा मारल्यात. दहाव्या गठ्ठ्यानंतर तिने हाताला फडकं बांधलं, पंधराव्यानंतर मैत्रीण यायची बंद झाली. आज सकाळी मी पुण्याला निघालो तेव्हा ओरडून सांगायला आली: एकशे पंधरा.

काकू पडवीत चहा गाळत होती. पोरीने कप बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "काका, दोन कपांचे दोनशे म्हणाला होतास ना? मग मी आज दूधच पिते."

---

चिकित्सक_चिंगूळ · मंगळ., रात्री १०.२२

दूधही तापवलेलंच असणार.